एखाद्या बंदिशीवर स्वतंत्र विकिपीडिया लेख होऊ शकतो का? नव्या संपादकांसाठी मार्गदर्शन

शास्त्रीय संगीत शिकणारा किंवा मनापासून ऐकणारा माणूस मराठी विकिपीडियावर लिहू लागला, की लवकरच त्याच्या मनात येतं: गायकांवर लेख आहेत, रागांवर आहेत, मग आपल्या आवडत्या चिजेवर (म्हणजे बंदिशीवर, रागात बांधलेल्या रचनेवर) का नसावा? इच्छा अगदी रास्त आहे. पण उत्साहात लिहिलेला चार ओळींचा लेख थोड्याच दिवसांत काढला जातो आणि नवा संपादक हिरमुसून निघून जातो. असं होऊ नये म्हणून लेख सुरू करण्याआधीच काय तपासायचं, ते इथे क्रमानं सांगतो. उदाहरणं हिंदुस्थानी संगीतातली आहेत, कारण मराठीत लिहिणाऱ्यांपुढे बहुतेक वेळा तिथलाच प्रश्न असतो.

कसोटी काय आहे, हे आधी नीट समजून घ्या

वाईहून निघणाऱ्या मराठी विश्वकोशात कोणती नोंद घ्यायची, हे संपादक मंडळ ठरवतं. विकिपीडियावर कोणीही लेख सुरू करू शकतो, म्हणून तिथे सगळ्यांना लागू पडेल अशी एक कसोटी ठेवलेली आहे. तिला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. थोडक्यात प्रश्न असा: रचनाकाराशी, गायकाशी किंवा त्यांच्या शिष्यपरिवाराशी हितसंबंध नसलेल्या भरवशाच्या लेखकांनी या रचनेविषयी सविस्तर लिहून छापलं आहे का?

चीज किती सुंदर आहे, किती जुनी आहे, बांधायला किती अवघड आहे, किती थोड्या लोकांना येते, यातलं काहीही या प्रश्नात नाही. संगीताच्या माणसाला हे पचायला जड जातं, आणि ते मला पूर्ण समजतं. आपल्याकडच्या कित्येक उत्तम चिजा गुरूच्या गळ्यातून शिष्याच्या गळ्यात गेल्या. कागदावर आल्याच नाहीत. अनवट (क्वचितच गायल्या जाणाऱ्या) रागातली, खास तालमीतली बंदिश तर जाणूनबुजून बाहेर दिली जात नसे. अशा बंदिशीबद्दल छापील मजकूर न मिळणं हे तिच्या परंपरेतच आहे. त्यामुळे उत्तर ‘नाही’ आलं तर त्याचा अर्थ एवढाच घ्या, की विश्वकोशाला आधार म्हणून लागणारं लेखन अजून झालेलं नाही.

पायरी १: रचना नेमकी कोणती, ते पक्कं करा

हे काम क्षुल्लक वाटतं, पण निम्मे घोटाळे इथेच होतात. बंदिशीला शीर्षक नसतं, तिचा मुखडा (सुरुवातीची ओळ) हेच तिचं नाव. त्यामुळे एका कागदावर एवढं लिहून काढा: मुखडा, राग, ताल, लय (बडा ख्याल की छोटा), प्रकार (ख्याल, ठुमरी, तराणा, धमार), अंतऱ्याचे (रचनेच्या दुसऱ्या भागाचे) शब्द, आणि रचनाकार म्हणून कोणाचं नाव सांगितलं जातं. एकाच मुखड्याच्या दोन वेगळ्या चिजा असू शकतात. एकच चीज दोन घराण्यांत वेगळ्या पाठानं गायली जाते, कधी अंतराच वेगळा असतो. तुम्ही लिहिताय ते कशाविषयी, हे आधी ठरलं नाही तर पुढे सापडलेले संदर्भ भलत्याच रचनेचे निघतात.

रचनाकाराचं नाव ठरवताना मुद्रेवर (शब्दांत गुंफलेल्या टोपणनावावर) डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ‘सदारंग’ म्हणजे नियामत खाँ, दिल्लीचा बादशहा मुहम्मदशाह रंगीले (कारकीर्द १७१९ ते १७४८) याच्या दरबारातले. पण शब्दांत ‘सदारंगीले मोमदसा’ आलं म्हणून ती रचना त्यांचीच, असं सिद्ध होत नाही; थोर नावाची मुद्रा घालून नंतरच्यांनीही चिजा बांधल्या. अलीकडच्या मुद्रा त्या मानानं सोप्या. ‘प्रेमपिया’ म्हणजे आग्रा घराण्याचे फैयाज खाँ, ‘प्राणपिया’ म्हणजे विलायत हुसेन खाँ, ‘गुणीदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, ‘सुजान’ म्हणजे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, ‘रामरंग’ म्हणजे रामाश्रय झा. तरीही लेखात ‘रचनाकार अमुक’ असं लिहायचं तर ते सांगणारं पुस्तक हवं. नुसतीच परंपरेची समजूत असेल, तर ‘श्रेय अमुक यांना दिलं जातं’ असं लिहा, आणि कोण देतं तेही सांगा.

पायरी २: शोध घ्या, आणि फक्त गूगलवर थांबू नका

मुखड्याचे शब्द ब्रज भाषेतले असतात आणि प्रत्येक जण ते वेगळे लिहितो. ‘एरी आली’, ‘ए री आली’, ‘येरी आली’ अशी सगळी रूपं शोधा, रोमन लिपीतलीही. मुखड्याबरोबर रागाचं नाव जोडून पाहा, नुसत्या मुखड्याने चित्रपटगीतांचा ढीग पुढे येतो. जुनी देवनागरी पुस्तकं स्कॅन होऊन आर्काइव्ह डॉट ऑर्गवर आलेली आहेत, पण त्यांतला मजकूर शोधयंत्राला धड वाचता येत नाही. तिथे पुस्तक उघडून अनुक्रमणिकाच पाहावी लागते.

सुरुवात भातखंड्यांपासून करा. विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांच्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तक मालिका’चे सहा भाग आहेत आणि त्यांत स्वरलिपीसह १८०० हून अधिक चिजा आहेत. मालिका मूळ मराठीत. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयानं ती हिंदीत आणली. दोन्हींची पानं जुळत नाहीत, म्हणून संदर्भ देताना भाषा, भाग आणि आवृत्ती लिहायला विसरू नका. त्यानंतर रातंजनकरांची ‘अभिनव गीतमंजरी’, बी. आर. देवधरांचा ‘रागबोध’, रामाश्रय झांची ‘अभिनव गीतांजली’, कुमार गंधर्वांचा ‘अनूपरागविलास’ हे संग्रह पाहा.

मात्र हे सगळे संग्रह आहेत. त्यांनी रचनेचं अस्तित्व, राग, ताल आणि पाठ पक्का होतो. रचनेविषयीचं लेखन शोधायला दुसरीकडे वळावं लागतं. कलाकारांची चरित्रं, आठवणी आणि घराण्यांवरची पुस्तकं वाचा: वामनराव देशपांडे यांची ‘घरंदाज गायकी’, देवधरांचं ‘थोर संगीतकार’, गोविंदराव टेंबे यांचा ‘माझा संगीत व्यासंग’, विलायत हुसेन खाँ यांचं हिंदीतलं ‘संगीतज्ञों के संस्मरण’. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकाचे जुने अंक तर हमखास चाळावेत. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर मिळतात. तबकड्यांची माहिती हवी असेल तर मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक फार उपयोगी आहे.

मराठी माणसाला आणखी एक वाट मोकळी आहे, आणि तिचा वापर फारच कमी होतो. जुन्या संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि ‘चाल’ दिलेली असते. बऱ्याचदा ती चाल म्हणजे मूळ बंदिशीचा मुखडाच असतो. भास्करबुवा बखल्यांनी चाली दिलेलं ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) असो की टेंब्यांनी चाली दिलेलं ‘संगीत मानापमान’ (१९११), त्या काळी कोणत्या चिजा संगीतकारांच्या ओठांवर होत्या, याचा तारखेसह पुरावा तिथे सापडतो. त्या एका ओळीवर लेख उभा राहत नाही. पण नाट्यसंगीतावर लिहिणाऱ्या कोणी मूळ बंदिश आणि पद यांची तुलना केली असेल, तर मात्र तो संदर्भ लाखमोलाचा.

पायरी ३: सापडलेलं तोलून पाहा

आता हाती आलेल्या प्रत्येक संदर्भाला तीन प्रश्न विचारा. लिहिणारा त्रयस्थ आहे का? मजकूर छापून येण्याआधी कोणी तपासला होता का? आणि या रचनेबद्दल किती लिहिलं आहे: एक वाक्य, की निदान एखादा भरीव परिच्छेद?

नव्या संपादकांची सर्वांत जास्त फसगत स्वरलिपीवरून होते. ‘ही चीज भातखंड्यांच्या पुस्तकात आहे’ हा उल्लेखनीयतेचा पुरावा धरला जातो. तसं मानलं तर एका मालिकेतूनच अठराशे लेख तयार होतील आणि त्यांतल्या बहुतेकांत राग, ताल आणि चार ओळी शब्द यांपलीकडे काही नसेल. संग्रहात असणं म्हणजे शब्दकोशात शब्द असण्यासारखं आहे. त्यानं शब्द खरा ठरतो, त्यावर निबंध लिहिता येईलच असं नाही.

रचनाकाराचा स्वतःचा बंदिशसंग्रह त्रयस्थ नसतो. त्यातल्या प्रस्तावनेत चीज कशी सुचली हे सुरेख लिहिलेलं असतं. ते लेखात माहिती म्हणून वापरा, उल्लेखनीयतेच्या हिशेबात धरू नका. हाच नियम मुलाखतींना, शिष्यानं गौरवग्रंथात लिहिलेल्या लेखाला, कॅसेटच्या वेष्टणावरच्या मजकुराला आणि कार्यक्रमपत्रिकेला. मैफलीच्या परीक्षणात ‘त्यानंतर त्यांनी मालकंसातली अमुक चीज घेतली’ एवढंच असेल, तर तो ओझरता उल्लेख झाला. असे वीस उल्लेख जमवले तरी त्यांची बेरीज एका सविस्तर लेखाएवढी होत नाही.

यूट्यूबवर पन्नास जणांनी गायलेली चीज सापडली, तर ती प्रचारात आहे हे तुम्हाला कळतं, एवढंच. मात्र वेगवेगळ्या घराण्यांच्या नामवंत गायकांनी तीच रचना ध्वनिमुद्रित केली असेल, तर तिच्याविषयी कोणीतरी लिहिलं असण्याची शक्यता वाढते. तो इशारा समजा आणि शोध पुढे चालू ठेवा.

पीएच.डी.चे प्रबंध चालतात, पण त्यांत बंदिशीचं खरोखर विश्लेषण आहे का, की पुन्हा संग्रहातून उतरवलेली स्वरलिपीच आहे, ते पाहा. संकेतस्थळांच्या बाबतीत सावध राहा. एकाच्या चुकीची दहा ठिकाणी नक्कल होते, आणि कधीकधी ती नक्कल विकिपीडियावरूनच झालेली असते. आणि गुरूंनी तालमीत सांगितलेली गोष्ट, त्यांच्या वहीतली नोंद? ती कितीही खरी असली तरी वाचकाला तपासता येत नाही, म्हणून विकिपीडियावर चालत नाही. तिच्यासाठी योग्य जागा पुढे सांगितली आहे.

माझा स्वतःचा व्यवहारी नियम असा: एकमेकांवर न बेतलेले, त्रयस्थ आणि रचनेविषयीच बोलणारे किमान दोन, शक्यतो तीन संदर्भ हातात असल्याशिवाय नवं पान उघडायचं नाही. विकिपीडियाच्या नियमात आकडा दिलेला नाही, पण त्याहून कमीत धड लेख लिहूनच होत नाही.

तीन उदाहरणं

पहिलं, ‘बाबुल मोरा नैहर छूटो ही जाए’. भैरवीतली ही ठुमरी अवधचा नवाब वाजिद अली शाह याची मानली जाते. १८५६ साली इंग्रजांनी राज्य खालसा केल्यावर त्याला लखनौ सोडून कलकत्त्याच्या मटियाबुर्जात जावं लागलं, आणि माहेर सुटण्याच्या शब्दांत ते दुःख वाचण्याची प्रथा पडली. १९३८ च्या ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये कुंदनलाल सैगल यांनी ती गायली, भीमसेन जोशींसह कित्येकांनी पुढे ती मैफलीत आणली. ठुमरीचा इतिहास, लखनौचा इतिहास आणि हिंदी चित्रपटसंगीत, अशा तीन वेगळ्या दिशांनी लोकांनी या एका रचनेवर लिहिलं आहे. इथे स्वतंत्र लेखाला शंका घ्यायचं कारण नाही.

दुसरं उदाहरण अवघड, आणि म्हणूनच मला ते सर्वांत शिकवणारं वाटतं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२ ते १९७७) यांनी गायलेली भैरवीतली ‘जात कहाँ हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. जगभरातल्या संगीताचे जे २७ तुकडे निवडले गेले, त्यांत हिंदुस्थानी संगीताचा हा एकच, साडेतीन मिनिटांचा. एवढी कीर्ती मिळाल्यावर लेख झालाच पाहिजे, असं वाटतं. पण संदर्भ उघडून वाचा. निवड कशी झाली, केसरबाईंचा आवाज कसा होता, यान कुठे पोहोचलं, हे लिहिलेलं असतं. बंदिश कोणाची, तिची बांधणी कशी, केसरबाईंच्या आधी ती कोण गात असे, यावर मजकूर तुटपुंजा असतो. म्हणजे प्रसिद्धी त्या गायनाची आहे. माझ्या मते ही माहिती केसरबाईंच्या लेखात स्वतंत्र विभाग करून आणि सोनेरी तबकडीच्या लेखात जास्त चांगली शोभते. कोणी रचनेवरच सविस्तर लेखन शोधून आणलं, तर मत बदलायला मी आनंदानं तयार आहे. रचना आणि ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र या उदाहरणावरून पक्कं लक्षात ठेवा. अब्दुल करीम खाँ यांच्या ‘जमुना के तीर’बद्दल लिहितानाही हाच प्रश्न समोर येतो.

तिसरं, ‘लागी लगन’. हंसध्वनी हा कर्नाटक संगीतातला राग. मुत्तुस्वामी दीक्षितरांची (१७७५ ते १८३५) ‘वातापि गणपतिम्’ ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध कृती. मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांनी तिच्या धर्तीवर ‘लागी लगन पति सखी सन’ बांधली, अमीर खाँ यांनी ती लोकांपर्यंत पोहोचवली आणि १९५६ च्या ‘परिवार’ चित्रपटात सलील चौधरींनी ‘जा तोसे नहीं बोलूँ कन्हैया’ त्याच वळणावर रचलं. दक्षिणेतून उत्तरेत, मैफलीतून चित्रपटात, असा प्रवास असलेल्या रचनेवर लोक रचना म्हणूनच लिहितात. ‘वातापि’वर लेख निर्विवाद होतो. ‘लागी लगन’चं दार अर्धं उघडं आहे: आधी हंसध्वनीच्या लेखात एक परिच्छेद लिहा, संदर्भ जमत गेले आणि मजकूर तिथे मावेनासा झाला, की स्वतंत्र पान करा. मला हा मार्ग सर्वांत निर्धोक वाटतो.

पायरी ४: उत्तर ‘नाही’ आलं तर

सर्वाधिक वेळा हेच होईल, आणि तुमचं काम वाया जाणार नाही. जमवलेली माहिती रचनाकाराच्या, रागाच्या किंवा घराण्याच्या लेखात घाला. मराठी विकिपीडियावरचे रागांचे कितीतरी लेख आरोह, अवरोह, वादी, संवादी एवढ्यावर थांबलेले आहेत. तिथे चार प्रचलित बंदिशी, त्यांचे रचनाकार आणि संदर्भ आले तर वाचकाला एकट्यादुकट्या चिमुकल्या पानापेक्षा कितीतरी जास्त मिळतं. मग मुखड्याच्या नावानं एक पुनर्निर्देशन करा, म्हणजे शोधणारा नेमक्या विभागात पोहोचेल. वेगवेगळ्या लेखनरूपांचीही पुनर्निर्देशनं करता येतात.

विकिडेटावर (विकिपीडियाच्या माहितीसाठ्याच्या भावंड प्रकल्पावर) रचनेची वेगळी नोंद करायला अट बरीच सौम्य आहे. रचना स्पष्ट ओळखता यावी आणि तिला गंभीर संदर्भ असावा, एवढं पुरतं. तिथे भातखंड्यांच्या मालिकेतला भाग आणि पान चालतं.

तालमीतून आलेली, कुठेच न छापलेली माहिती तुमच्याकडे असेल तर ती जपून ठेवून बसू नका. गुरूंची परवानगी घ्या, ती नीट लिहून काढा आणि संगीताच्या मासिकाकडे किंवा एखाद्या विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेकडे पाठवा. संपादकांनी तपासून छापली की ती अभ्यासकांच्या हाती जाते. तिचा विकिपीडियावर संदर्भ तुम्ही स्वतः न देता दुसऱ्या कोणी द्यावा, हे उत्तम.

पायरी ५: उत्तर ‘हो’ आलं तर

थेट लेख न करता आधी तुमच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) कच्चा मसुदा लिहा. पहिल्या वाक्यात मुखडा, राग, प्रकार आणि रचनाकार यावेत. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात ती का नोंद घेण्याजोगी आहे हे संदर्भासह यावं, कारण तपासणारा संपादक आधी तेच पाहतो. पुढे शब्द आणि पाठभेद, सांगीतिक रचना, कोणी गायली, तिच्यावर बेतलेली नाट्यपदं किंवा चित्रपटगीतं, समीक्षकांची मतं. ‘अवीट गोडीची’, ‘काळजाला भिडणारी’ असली विशेषणं स्वतःच्या तोंडून लिहू नका. एखाद्या समीक्षकानं लिहिली असतील तर त्याच्या नावावर द्या.

शब्दांच्या हक्काचं भान ठेवा. भारतीय कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. फैयाज खाँ १९५० साली गेले, त्यांच्या रचना खुल्या झाल्या. रातंजनकर १९७४ साली गेले, त्यांच्या चिजांवर २०३४ अखेर हक्क आहे. तिथे मुखडा आणि चर्चेपुरती एखादी ओळ द्या, पूर्ण चीज आणि पुस्तकातली स्वरलिपी उतरवू नका. खुल्या झालेल्या जुन्या पुस्तकांतला संपूर्ण पाठ द्यायचा असेल तर त्याची जागा विकिस्रोत, म्हणजे मूळ ग्रंथ ठेवणारा भावंड प्रकल्प.

रचनाकार तुमचे गुरू किंवा नातेवाईक असतील, तर चर्चापानावर ते आधी सांगा आणि मसुदा दुसऱ्या संपादकाला पाहायला द्या. कोणी दटावेल म्हणून नव्हे. आपल्या माणसाविषयी लिहिताना तोल सांभाळणं कोणालाही जड जातं.

लेखावर ‘पानकाढा’ साचा लागला तर

हा साचा म्हणजे पान काढून टाकण्याचा प्रस्ताव. घाबरू नका आणि साचा स्वतः काढू नका. चर्चापानावर जाऊन तुमचे दोन-तीन सर्वांत भक्कम संदर्भ पृष्ठक्रमांकासह मांडा आणि प्रत्येकात रचनेविषयी किती लिहिलं आहे, ते एका वाक्यात सांगा. ‘इंग्रजी विकिपीडियावर लेख आहे’ किंवा ‘अमक्या चिजेवर आहे मग हिच्यावर का नाही’ या मुद्द्यांनी काही साधत नाही. पुस्तक दुर्मिळ असेल तर संबंधित पानाचा छोटा उतारा द्या, म्हणजे समोरच्याला तपासता येईल. संदर्भ मिळायला वेळ लागणार असेल तर तसं लिहून मुदत मागा किंवा चावडीवर (संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर) संगीताची जाण असलेल्या संपादकांना मदतीला बोलवा. तरीही निर्णय विरोधात जाईल असं दिसलं, तर लेख रागाच्या किंवा रचनाकाराच्या लेखात विलीन करण्याचा प्रस्ताव स्वतःच मांडा आणि सगळा मजकूर, संदर्भांसकट, आपल्या धूळपाटीवर उतरवून ठेवा.